पहिल्या वर्षानंतर कॉलेज का बदलता येऊ नये?

पुण्यात बारावीनंतर कुठलं कॉलेज मिळालं, यावर पुढची तीन-चार वर्षं आणि बऱ्याचदा पहिली नोकरीही ठरते. कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या चालू असतात तोवर थोडी हालचाल करता येते. ऑप्शन फॉर्ममध्ये वरखाली करता येतं, बेटरमेंटसाठी, म्हणजे आणखी वरचं कॉलेज मिळण्यासाठी, थांबता येतं, शेवटच्या फेरीपर्यंत आशा धरता येते. ती फेरी संपली आणि मुलगा वर्गात जाऊन बसला, की विषय मिटला. त्याने पहिल्या वर्षी कितीही जीव तोडून अभ्यास केला, दोन्ही सेमिस्टरला ब्रांचमध्ये पहिला आला, तरी कॉलेज बहुतेक तेच राहतं. माझं म्हणणं असं, की ते बदलता आलं पाहिजे. सरकारी आणि अनुदानित संस्थांनी दर वर्षी दुसऱ्या वर्षाच्या ठरावीक जागा इतर कॉलेजांतून येणाऱ्या मुलांसाठी ठेवाव्यात, त्यांची संख्या आधी जाहीर करावी आणि त्या पहिल्या वर्षाच्या कामगिरीवर भराव्यात.

मी पुण्यातल्या, विद्यापीठाला संलग्न असलेल्या एका कॉलेजात इंजिनीअरिंगच्या मुलांना गणित शिकवतो. पहिल्या वर्षाचा वर्ग माझ्याकडे असतो, त्यामुळे कॅपच्या शेवटच्या फेरीनंतर कोण कुठून आणि कसं येऊन पोचलंय, हे मला जवळून दिसतं. सगळीच मुलं पर्सेंटाईल कमी पडलं म्हणून आलेली नसतात. एखाद्याला सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या, दिवशी ताप होता. तीन तासांत दीडशे प्रश्न सोडवायचे असतात, तिथे अंगात कणकण असली तरी संपलं. एखादीला पर्सेंटाईल भरपूर आहे, पण घरच्यांनी सांगितलं, हॉस्टेल नको, गावाहून येऊन-जाऊन करता येईल असंच कॉलेज भर. एकाच्या वडिलांना नेमकं त्याच आठवड्यात ससूनला ॲडमिट केलं होतं आणि रिपोर्टिंगची तारीख हुकली. आणि काही मुलांना खरोखरच बारावीपर्यंत अभ्यास कसा करायचा ते कळलेलं नसतं. ते कॉलेजात आल्यावर कळतं. अशा मुलाला डिसेंबरात सुचलेला अभ्यास आधीच्या मे महिन्यातल्या पेपरला उपयोगी पडत नाही, हे मान्य. पण पुढच्या जुलैलाही उपयोगी पडू नये, हे मला पटत नाही.

कॉलेज बदलणं ही काही आपल्याकडे परक्या देशातून आलेली कल्पना नाही. गोपाळ कृष्ण गोखले कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात होते, मधल्या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले आणि शेवटी मुंबईच्या एल्फिन्स्टनमधून १८८४ साली बीए झाले. पुढे ते फर्ग्युसनमध्ये शिकवायला लागले. थोरल्या भावाच्या तुटपुंज्या पगारावर शिकणारा मुलगा तीन शहरांतल्या तीन कॉलेजांत शिकू शकला, कारण तिन्ही कॉलेजं मुंबई विद्यापीठाखाली होती आणि परीक्षा विद्यापीठाची होती. कॉलेज कुठलंही असो, पेपर एकच. पुणे विद्यापीठ १९४९ साली सुरू झालं तेही याच रचनेवर. सीओईपी, म्हणजे पुण्याचं सरकारी इंजिनीअरिंग कॉलेज, ही १८५४ पासूनची संस्था. २००३ मध्ये स्वायत्त होईपर्यंत तिथली मुलं आणि इतर संलग्न कॉलेजांतली मुलं याच विद्यापीठाच्या परीक्षा देत होती. २०२२ मध्ये तर सीओईपीचं स्वतःचं विद्यापीठ झालं. फर्ग्युसनसारखी जुनी कॉलेजं स्वायत्त झाली. स्वायत्ततेला माझा विरोध नाही. चांगल्या प्राध्यापकांना अभ्यासक्रम स्वतः आखू द्यायलाच हवा. पण तिच्याबरोबर एक गोष्ट हातची गेली आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोललं नाही. शिवाजीनगरच्या दोन किलोमीटरच्या आत असलेल्या दोन कॉलेजांचे अभ्यासक्रम, परीक्षा आणि गुण आता एकमेकांशी जुळत नाहीत.

नव्या शैक्षणिक धोरणाने हे जुळवून द्यायचं कबूल केलं होतं. २०२० च्या धोरणात ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सची कल्पना आली, २०२१ च्या जुलैत यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, तिचे नियम काढले. विद्यार्थ्याने विषय पास होऊन मिळवलेली क्रेडिट्स त्याच्या खात्यावर जमा होतात आणि सात वर्षांपर्यंत वापरता येतात. पहिल्या वर्षाची किमान चाळीस क्रेडिट्स, दोन वर्षांची ऐंशी, तीन वर्षांच्या पदवीला एकशेवीस, असा हिशोब देशभर एकसारखा ठरवला गेला. महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून हे लागू झालं. कॉलेजांनी मुलांना वर्गावर्गात बसवून या बँकेचे खाते क्रमांक, म्हणजे एबीसी आयडी, काढायला लावले. माझ्या वर्गातल्या प्रत्येकाकडे तो आहे. तो घेऊन दुसऱ्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात गेलेला विद्यार्थी मात्र मला अजून भेटलेला नाही. २०२२ मध्ये यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या करायलाही परवानगी दिली. म्हणजे मुलगा सकाळी एका संस्थेची पदवी आणि संध्याकाळी दुसऱ्या संस्थेची पदवी करू शकतो, पण एकच पदवी एका ठिकाणी सुरू करून दुसरीकडे पूर्ण करायची म्हटलं, की त्याला कुणी दारात उभं करत नाही.

यात अडतं कुठे, ते आमच्या कॉलेजातल्या नव्हे, पण माझ्या ओळखीच्या एका मुलीमुळे मला नीट पाहायला मिळालं. शहराच्या कडेला असलेल्या एका कॉलेजात ती कॉम्प्युटरला होती, दोन्ही सेमिस्टरला वर्गात पहिली. तिला जिथे जायचं होतं त्या संस्थेचा आणि स्वतःच्या कॉलेजचा असे दोन्ही अभ्यासक्रम तिने प्रिंट काढून आणले होते. पेन्सिलीने प्रत्येक विषयाच्या समोर खुणा केल्या होत्या. गणिताच्या पहिल्या पेपरसमोर ‘सेम’, भौतिकशास्त्रासमोर ‘एक युनिट जास्त’, प्रोग्रॅमिंगसमोर ‘आपल्याकडे सी, त्यांच्याकडे पायथन’. एका विषयाशेजारी प्रश्नचिन्ह होतं, तो त्यांच्याकडे दुसऱ्या सेमिस्टरला होता आणि हिच्याकडे तिसऱ्याला. समकक्षता ठरवायला अभ्यास मंडळाच्या बैठका लागतात असं आपण म्हणतो. मी तिच्यासोबत बसून तासाभरात सगळं पाहिलं. एक विषय जास्तीचा करावा लागला असता, एवढंच निघालं. तिने तसा अर्ज केला. जिथे जायचं होतं तिथल्या खिडकीवर उत्तर मिळालं, की दुसऱ्या वर्षाच्या जागा फक्त डिप्लोमाच्या मुलांसाठी असतात, यायचं असेल तर पुन्हा सीईटी द्या आणि फर्स्ट इयरला या. स्वतःच्या कॉलेजने सांगितलं, एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, हवी असेल तर उरलेल्या तीन वर्षांची फी भरा. यूजीसीने मूळ कागदपत्रं अडवून ठेवायला २०१८ मध्येच मनाई केली आहे, पण एनओसी हा कागद कॉलेजच्याच मर्जीचा. ती आता तिथेच तिसऱ्या वर्षाला आहे.

पुन्हा फर्स्ट इयरला या, हा सल्ला आपल्याकडे इतका सहज दिला जातो, की त्याची किंमत कुणी मोजत नाही. मुलाचं एक वर्ष गेलं. घरच्यांची एका वर्षाची फी, मेसचे आणि खोलीभाड्याचे पैसे गेले. उत्तम गुणांनी पास झालेलं पहिलं वर्ष तो पुन्हा पहिल्यापासून शिकला, त्याच त्याच मॅट्रिक्स आणि त्याच वर्कशॉपच्या फायली. आधीच्या कॉलेजात त्याची जागा रिकामी झाली. हे सगळं का, तर आपल्याला त्याच्या कॉलेजातल्या वर्षभराच्या कामापेक्षा सीईटीच्या तीन तासांवर जास्त विश्वास आहे. मला हे उलटं वाटतं. सीईटीने मुलगा कुठून सुरुवात करतोय ते कळतं. पहिल्या वर्षाच्या दोन सेमिस्टर, सबमिशन्स, प्रॅक्टिकल, वायवा, मधली आजारपणं आणि घरचे प्रसंग यांतून तो पार कसा पडला, यावरून तो काय करू शकेल ते कळतं.

आणि दुसऱ्या वर्षात बाहेरून मुलं घेणं आपल्याला जमत नाही, असं तर मुळीच नाही. डिप्लोमावाली मुलं आपण कित्येक वर्षं घेतो आहोत. दहावीनंतर तीन वर्षं पॉलिटेक्निक करून ही मुलं थेट सेकंड इयरला येतात. त्यांच्यासाठी मंजूर प्रवेशक्षमतेच्या दहा टक्के वाढीव जागा असतात, शिवाय पहिल्या वर्षी रिकाम्या राहिलेल्या जागाही त्यांना मिळतात. त्यांची स्वतंत्र गुणवत्ता यादी लागते, स्वतंत्र फेऱ्या होतात. शहरातल्या सर्वांत जास्त मागणी असलेल्या कॉलेजांतही ती जातात. या मुलांचा अभ्यासक्रम पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमाशी तंतोतंत जुळतो का? अजिबात नाही. गणिताचे पहिले दोन पेपर, एम-वन आणि एम-टू, त्यांनी आमच्यासारखे केलेले नसतात, आणि सेकंड इयरला एम-थ्री समोर आलं की पहिले काही आठवडे त्यांचे चेहरे उतरलेले असतात. लाप्लास ट्रान्सफॉर्म शिकवताना मला मध्येच थांबून इंटिग्रेशन पुन्हा घ्यावं लागतं. पण हीच मुलं प्रयोगशाळेत इतरांना हात धरून शिकवतात, कारण तीन वर्षं त्यांनी यंत्रांवर हाताने काम केलेलं असतं. सेमिस्टर संपेपर्यंत वर्ग एक झालेला असतो. ज्या व्यवस्थेने इतका फरक सामावून घेतला, तिला एका कॉलेजात प्रोग्रॅमिंग सीमध्ये आणि दुसऱ्यात पायथनमध्ये शिकवलं, एवढ्याने अडचण होते हे कारण टिकत नाही.

बाहेरचं उदाहरण द्यायचं तर कॅलिफोर्नियाचं देता येईल. त्या राज्याने १९६० साली उच्च शिक्षणाचा आराखडा केला, त्यात सर्वांना खुली असलेली दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजं आणि वर निवडक विद्यार्थी घेणारं राज्याचं विद्यापीठ, असे थर ठेवले आणि खालून वर जायची वाट मुद्दाम आखली. आज युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया बारावीनंतर थेट येणाऱ्या दर दोन मुलांमागे एक बदलीने येणारा विद्यार्थी घ्यायचं लक्ष्य ठेवते. सहा कॅम्पस तर ठरावीक विषय आणि गुण पूर्ण केलेल्या कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्याला प्रवेशाची हमी देतात. बर्कली आणि लॉस एंजलिस अशी हमी देत नाहीत, पण तिथेही अशी मुलं मोठ्या संख्येने जातात. कुठल्या कॉलेजातला कुठला विषय विद्यापीठात कशाच्या बदल्यात धरला जाईल, याची यादी सर्वांना पाहता येते. विद्यार्थ्याला पेन्सिल घेऊन बसावं लागत नाही. बराक ओबामांनीही लॉस एंजलिसच्या ऑक्सिडेंटल कॉलेजात दोन वर्षं काढून १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बदली घेतली होती. आपलं राज्य आणि त्यांचं राज्य यांच्या पैशांत फार अंतर आहे, हे खरं. पण विषयांची यादी जाहीर करायला पैसा लागत नाही.

आता यावरचे आक्षेप. गुणांची तुलना कशी करणार, हा पहिला, आणि त्याला उत्तर आहे. संलग्न कॉलेजातल्या मुलाची लेखी परीक्षा विद्यापीठ घेतं, स्वायत्त कॉलेजात शिकवणाराच पेपर काढतो आणि तपासतो, त्यामुळे एकाचे ऐंशी आणि दुसऱ्याचे ऐंशी सारखे नसतात. म्हणून नुसते गुण नकोत. ज्या संस्थेत जायचं आहे तिने पहिल्या वर्षाच्या गणित-विज्ञानावर आणि ब्रांचच्या मूळ विषयावर एक लेखी परीक्षा घ्यावी, पेपर आणि उत्तरं दोन्ही जाहीर करावीत. निम्मं वजन तिला, निम्मं त्या मुलाच्या स्वतःच्या कॉलेजातल्या स्थानाला. सीईटीचे गुण यात कुठेही धरू नयेत, ते धरले तर जुनंच पान पुन्हा वाचल्यासारखं होईल. मुलाखतही नको. मुलाखत आली की ओळखी आल्या, आणि कुणाच्या काकांचा फोन आला याची चर्चा सुरू झाली की चांगली योजनाही बदनाम होते.

खरा आणि मला अस्वस्थ करणारा आक्षेप वेगळा आहे. चांगली मुलं निघून गेली तर मागे राहणाऱ्या कॉलेजचं काय? मी अशाच कॉलेजात शिकवतो, म्हणून हा प्रश्न मी झटकून टाकू शकत नाही. साठांच्या वर्गात तीन-चार मुलं अशी असतात, की त्यांच्या प्रश्नांमुळे तास उभा राहतो. मागच्या बाकांवरची मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री त्यांच्याच खोलीवर जाऊन शिकतात. प्रोजेक्ट त्यांच्या जिवावर होतात. ती गेली तर वर्ग खालावेल, निकाल घसरेल, शिक्षकाचाही हुरूप कमी होईल. हे नुकसान खरं आहे आणि ते माझंही आहे. तरीही मला वाटतं, की एका मुलीला आमच्या वर्गाच्या भल्यासाठी अडकवून ठेवायचा हक्क आम्हाला नाही. तिच्या आईवडिलांनी तिला आमच्या वर्गाची पातळी सांभाळायला पाठवलेलं नाही. शिवाय दुसरी बाजूही रोज दिसते. कॅपमध्ये मनासारखं न झाल्याने पहिल्या दिवसापासून खांदे पाडून बसलेली कितीतरी मुलं आमच्याकडे असतात. आता काय, चार वर्षं इथेच, असं म्हणून ती पहिलं सेमिस्टर वाया घालवतात, मग केटी लागते, म्हणजे विषय राहतो, मग वायडीची, म्हणजे वर्ष जाण्याची, भीती. वर्षभर नीट केलं तर पुढे जायची वाट आहे असं त्यांना सांगता आलं, तर त्यांतली बरीच मुलं कामाला लागतील. जागा तीन असल्या तरी तयारी तीसजण करतील, आणि उरलेले सत्तावीस आमच्याच वर्गात, चांगला पाया घेऊन, राहतील. काहींना तर वर्षअखेरीला इथलेच शिक्षक आणि इथलेच मित्र सोडावेसे वाटणार नाहीत.

जाणारी मुलं फक्त नावासाठी जातील, असंही म्हटलं जातं. काही जातीलही. पण मोठ्या कॉलेजच्या नावावर हिंजवडीच्या कंपन्यांनी, शिष्यवृत्ती देणाऱ्यांनी आणि लग्न जुळवणाऱ्यांनी सुद्धा इतका भर दिला आहे, की त्यासाठी एकोणीस वर्षांच्या मुलाला दोष देणं योग्य नाही. आणि नाव बाजूला ठेवलं तरी फरक राहतोच. रात्री उशिरापर्यंत उघडी असलेली लायब्ररी, चालू स्थितीतली उपकरणं, संशोधन करणारे प्राध्यापक, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपल्यापेक्षा हुशार असलेले वर्गमित्र. हुशार मुलीला या वर्गमित्रांची गरज असते, आणि ते तिला यूट्यूबवर मिळत नाहीत.

माझी मागणी मोठी नाही. साठच्या वर्गामागे पाच टक्के, म्हणजे तीन वाढीव जागा, आणि त्या डिप्लोमाच्या मुलांच्या दहा टक्क्यांना हात न लावता. पॉलिटेक्निकमधून येणारी मुलं बहुतेक शेतकऱ्यांची, कामगारांची असतात. त्यांच्या वाट्यातलं काढून ही योजना करायची असेल तर ती नकोच. एका ब्रांचच्या तीन जागांवर आरक्षण बसत नाही अशी पळवाट निघू शकते, म्हणून संस्थेतल्या सगळ्या ब्रांच मिळून जागा मोजाव्यात आणि त्या संख्येला आरक्षण लावावं. बीएस्सी, बीकॉमलाही हेच करता येईल, तिथे तर समकक्षतेचा प्रश्न आणखी सोपा आहे. एनओसीची अट काढून टाकावी. विद्यार्थ्याने कळवलं आणि त्या वर्षापर्यंतची फी भरलेली असली, की पुरे. पुढच्या वर्षांची फी मागणाऱ्या कॉलेजवर शुल्क नियामक प्राधिकरणाने कारवाई करावी.

आणि ही फेरी कॅप राबवणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलनेच घ्यावी, कॉलेजांवर सोडू नये. पारदर्शकतेसाठी तर ते हवंच, पण त्याहून रोकडं कारण शिष्यवृत्तीचं आहे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती कॅपमधून प्रवेश घेतलेल्यालाच मिळते. आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना २०२४ मध्ये शासनाने व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण शिक्षण शुल्कमाफी दिली. पेन्सिल घेऊन बसलेल्या त्या मुलीसारखी एखादी कॅपबाहेरच्या बदलीने दुसऱ्या कॉलेजात गेली आणि महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, तिचा अर्ज नाकारला गेला, तर तिला हलता आलं काय अन् न आलं काय, एकच. डिप्लोमाच्या मुलांच्या प्रवेशाचं वेळापत्रक दर वर्षी लागतंच. त्याच वेळापत्रकात, त्याच पोर्टलवर ही फेरी धरली, तर तिचा प्रवेश कॅपमधला ठरेल आणि फी भरायला तिच्या घरच्यांना सोनं गहाण ठेवावं लागणार नाही.